गोठ्याची राखण : वासराला हगवण लागली तर



आंदर मावळातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार ओळींचे आहे, पण त्यातला प्रश्न घरोघरचा आहे. त्या लिहितात, "गेल्या आषाढात आमच्या गाईची कालवड आठव्या दिवशी हगवणीने गेली. त्याच्या आदल्या वर्षीही असेच झाले. सासूबाई म्हणाल्या, दूध जास्त झाले म्हणून बाधले. म्हणून हगवण लागताच आम्ही दूध आणि पाणी दोन्ही तोडले होते. आता गाय पुन्हा गाभण आहे आणि ऐन लावणीच्या दिवसांत विणार आहे. हे वासरू तरी हाती लागेल का?"

ताई, हाती लागण्याची आशा पुष्कळ आहे. मात्र त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. हगवण कशाने लागते, ही एक. हगवण लागलेले वासरू मरते कशाने, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आपण समजतो, आणि तिथेच वासरू हातचे जाते. म्हणून आधी दुसरी गोष्ट पाहू.

वासरू मरते कशाने?

गावठी किंवा संकरित गाईचे नुकते जन्मलेले वासरू साधारण पंचवीस किलोचे धरा. त्याच्या अंगातला जवळजवळ पाऊण भाग पाणी असते. हगवण लागली की हे पाणी शेणावाटे वाहून जाऊ लागते आणि त्याबरोबर मीठ, सोडा हे अंगातले क्षारही जातात. सव्वा लिटर पाणी गेले की वासरू मलूल दिसू लागते. दोन ते अडीच लिटर गेले की डोळे खोल जातात, तोंड आणि पाय गार पडतात, वासरू उठून उभे राहत नाही. तीन-साडेतीन लिटर गेले की ते बहुधा वाचत नाही. तीन लिटर म्हणजे किती, तर आपल्या घरातले तीन-चार तांबे. पाण्यासारखी हगवण लागली तर एवढे पाणी एका दिवस-रात्रीत जाऊ शकते.

आता विचार करा. ज्या वासराच्या अंगातले पाणी असे वाहून चालले आहे, त्याचे दूध आणि पाणी आपणच तोडले, तर काय होईल? पाणी जाण्याची वाट उघडी आणि येण्याची वाट बंद. हगवण थांबल्यासारखी दिसते खरी, कारण बाहेर पडायला आत काही उरलेले नसते. आपल्याला वाटते, गुण आला. आणि पहाटे वासरू गेलेले असते.

माणसांच्या बाबतीत हाच धडा आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून घेतल्या आणि ते पाण्यात कालवून रोग्यांना तोंडाने पाजायला सांगितले. पाजायला होते कोण? बहुतेक रोग्यांचे घरचेच लोक. शंभरातले तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. पटकीचे जंतू तेच होते. गेलेले पाणी भरून काढले, एवढाच फरक. आज दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. वासराचे आतडेही याच रीतीने चालते, म्हणून हे पाणी त्यालाही लागू पडते.

हगवण लागते कशाने?

सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. एका वेळी भसाभस दूध पिऊ दिले, पाजण्याची वेळ रोज बदलली, थंडगार दूध पाजले, तर वासराचे पोट बिघडते. पण अशा वासराला ताप नसतो, ते उड्या मारते, ढुशा देते, आणि पाजणे वेळच्या वेळी व बेताचे केले की एक-दोन दिवसांत सुधारते. जी हगवण वासराला खाली पाडते, ती बहुतेक वेळा जंतूंची असते. हे जंतू अनेक प्रकारचे आहेत. प्रत्येकाचे येण्याचे वय साधारण ठरलेले असते. म्हणून वासरू किती दिवसांचे आहे, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. वासराच्या जन्माची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

पहिले चार-पाच दिवस. या दिवसांतली हगवण पुष्कळदा ई-कोलाय नावाच्या जंतूची असते. हा जंतू शेणात असतोच. त्यातल्या काही जाती कोवळ्या आतड्याला चिकटून बसतात आणि एक विष सोडतात. त्या विषाने आतडे फाटत नाही. पण अंगातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि नळ सोडल्यासारखे बाहेर येते. शेण पांढरट-पिवळे, पाण्यासारखे. सकाळी धडधाकट असलेले वासरू संध्याकाळी आडवे झालेले दिसते. आपल्याकडे जिला पांढरी हगवण म्हणतात, तिच्यातली पुष्कळ याच जंतूची.

पाचव्या दिवसापासून पंधरा-वीस दिवसांपर्यंत. या काळात रोटा आणि कोरोना हे दोन विषाणू येतात. कोरोना म्हटल्यावर दचकू नका. २०२० साली माणसांत ज्याची साथ आली, त्याच्याच कुळातला हा आहे, पण जात वेगळी. आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलावर असते तशी बारीक लव असते. खाल्लेले-प्यालेले अंगात शोषून घेण्याचे काम ती करते. हे विषाणू ती लवच झडवून टाकतात. नवी लव उगवायला काही दिवस लागतात. तोवर वासराला पाण्यावर आणि थोड्या-थोड्या दुधावर तगवून न्यायचे असते. वासरातला रोटा विषाणू अमेरिकेतल्या नेब्रास्का येथे डॉ. मेबस यांनी १९६९ साली शोधला. माणसाच्या मुलांतला रोटा ऑस्ट्रेलियात डॉ. रूथ बिशप यांना १९७३ साली सापडला. आपल्या लहान मुलांना आरोग्य केंद्रात रोटाचे थेंब पाजतात ना, त्या थेंबांचा आणि आपल्या वासराच्या हगवणीचा असा भाऊबंदकीचा संबंध आहे.

याच वयात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवीही हगवण लावतो. नाव अवघड आहे. आपण त्याला क्रिप्टो म्हणू. याची अंडी फार चिवट. नेहमीच्या फिनाईलने ती मरत नाहीत. उकळते पाणी आणि कडकडीत कोरडेपणा यांनाच ती भितात. शिवाय हा माणसालाही लागतो, विशेषतः लहान मुलांना.

दोन आठवड्यांपासून पुढे. साल्मोनेला जंतूची हगवण या वयात जास्त दिसते. चढा ताप, घाण वास, शेणात रक्त व आतड्याच्या सालींचे तुकडे, आणि वासराने दुधाकडे पाठ फिरवणे, ही त्याची खूण. हाही माणसाला लागतो. तीन आठवड्यांनंतर कॉक्सिडिया नावाच्या परजीवीची रक्ती हगवण येते. वासरू शेपटी वर करून सारखे कुंथते आणि शेणाबरोबर रक्त पडते. ओल्या, कोंदट जागेत अनेक वासरे एकत्र बांधली की हा रोग हटकून येतो.

म्हशीच्या पारडांना एक वेगळा धोका आहे. मोठे गोल जंत म्हशीच्या अंगात झोपी गेल्यासारखे राहतात आणि ती व्याली की दुधावाटे पारडात उतरतात. म्हणजे पारडाने एक काडीही गवत खाल्लेले नसताना त्याच्या पोटात वीतभर लांबीचे जंत होतात. शेण मातकट, चिकट, घाण वासाचे, पोट नगाऱ्यासारखे, केस राठ. यासाठी दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांकडून पायपेराझिनसारखे जंताचे औषध वजनाप्रमाणे पाजून घ्या. हगवणीची वाट पाहू नका. म्हशी पाळणाऱ्या घरात एवढ्या एका डोसाने पुष्कळ पारडे वाचतात.

एकाच वासरात यांतले दोन-तीन जंतू एकदम असणे हेही नेहमीचेच. म्हणून नुसता शेणाचा रंग पाहून आपण औषध ठरवू नये. एकापाठोपाठ एक वासरे जात असतील, तर डॉक्टरांना सांगून ताजे शेण तपासायला पाठवावे. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोगनिदानाची प्रयोगशाळा आहे.

चीक : पहिला घास, पहिली लस

माणसाच्या बाळाला रोगाशी झुंजण्याची काही शिदोरी आईच्या पोटातच मिळते. गाई-म्हशीच्या वारेची घडण निराळी आहे. तिच्यातून ही शिदोरी वासरात उतरत नाही. वासरू जन्मते ते अगदी रित्या हाताने. त्याला जे मिळायचे ते चिकातून. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोन शास्त्रज्ञांनी १९२२ साली हे पडताळून पाहिले. काही वासरांना चीक दिला, काहींना नुसते दूध. चीक न मिळालेल्यांपैकी बहुतेक मेली. चीक प्यालेली जगली.

चिकाचे हे संरक्षण आतड्यातून रक्तात जाण्याचे दार जन्मल्यानंतर थोडेच तास उघडे असते. पहिल्या सहा तासांत ते सताड उघडे असते, मग मिटू लागते आणि चोवीस तासांत बंद होते. म्हणून पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या एक-दोन तासांत लिटर-दीड लिटर आणि सहा तासांच्या आत एकूण अडीच लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे. बाराव्या तासाच्या सुमाराला पुन्हा तेवढाच द्यावा. त्यानंतरही तीन-चार दिवस चीकच पाजावा. तो रक्तात गेला नाही तरी आतड्यात राहून रोटासारख्या विषाणूंना अडवतो.

आपल्याकडे इथे दोन अडचणी येतात.

पहिली म्हणजे, जार पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचे नाही ही जुनी समजूत. जार पडायला सहा-आठ तासही लागतात. तोवर दार निम्मे मिटलेले असते. वास्तविक वासरू आचळाला लागले की पान्हा सोडवणारा जो रस गाईच्या अंगात सुटतो, तोच गर्भाशयालाही आकसायला लावतो. म्हणजे चीक लवकर पाजल्याने जार पडायला मदतच होते.

दुसरी अडचण खरवसाची. खरवस कोणाला आवडत नाही? शेजारीपाजारी वाटायचा असतो, पुण्या-लोणावळ्याकडे त्याला मागणीही असते. पण खरवस घट्ट का होतो, याचा विचार केला आहे का? चिकात जी प्रथिने दाटून भरलेली असतात, ती शिजून जमतात म्हणून. वासराला रोगापासून वाचवणारी प्रथिने त्यातच असतात. पहिल्या धारेचा चीक हा सगळ्यांत दाट. तोच आपण चुलीवर ठेवतो आणि वासराला पातळ झालेला मिळतो. खरवस जरूर करा, पण वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचा. गाईला चीक भरपूर असेल, तर लिटरभर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एखादी गाय विताना दगावली किंवा तिला पान्हा फुटला नाही, तर तो चीक दुसऱ्या वासराच्या कामी येतो. वापरताना बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवावी. उकळला की त्याचा खरवस झाला, औषध गेले.

वासराला चीक बाटलीने पाजायचा झाला तर त्याचे तोंड आभाळाकडे करू नका. मान पाठीच्या रेषेत ठेवा आणि त्याला चोखू द्या. ओतलेले दूध फुप्फुसात गेले तर हगवणीआधी न्यूमोनियाच त्याला नेईल.

हगवण लागली : आता काय करायचे?

पहिले काम, पाणी. एक लिटर उकळून कोमट केलेले पाणी घ्या. त्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि सुमारे २० ग्रॅम, म्हणजे सपाट सहा चमचे, ग्लुकोज पावडर घालून ढवळा. नाहीतर माणसांची ओआरएसची एक लिटरची पुडी त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवा. सोडा कशासाठी? हगवणीत अंगातला सोडा वाहून जातो आणि रक्त आंबट होते. वासरू लुळे पडते ते पुष्कळदा यामुळे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. साखर किंवा गूळ घालू नका. माणसाच्या पोराला साखर-मीठ-पाणी चालते, पण कोवळ्या वासराच्या आतड्यात साखर पचवणारा रस नसतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून हगवण वाढवते. भाताची पेजही या वयात पचत नाही. ग्लुकोजच हवे. गाय गाभण असतानाच त्याचा डबा आणून ठेवावा.

हे पाणी दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी अर्धा ते एक लिटर पाजा. हगवण जेवढी जास्त, तेवढे पाणी जास्त. दिवसाला दोन ते चार लिटर लागते. रात्री एकदा उठून पाजले पाहिजे. पुष्कळ वासरे रात्रीच जातात. केलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये.

दुसरे काम, दूध चालू ठेवणे. या पाण्यावर वासराची तहान भागते, पोट भरत नाही. नुसत्या पाण्यावर ते दोन दिवसांत खंगते. दूध नेहमीएवढेच, पण थोडे-थोडे करून तीन-चार वेळा द्या. दूध आणि हे पाणी एकत्र मात्र करू नका. सोड्यामुळे पोटात दुधाचे दही जमत नाही. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा.

तिसरे काम, ऊब. वासराला कोरड्या जागी घ्या, खाली जाड पेंढा घाला, अंग गोणपाटाने पुसून कोरडे करा आणि कोरडे गोणपाट वर बांधा.

चौथे काम, पारख. मानेवरची कातडी चिमटीत धरून पिळा आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली तर पाणी बरेच गेले आहे. स्वच्छ धुतलेले बोट वासराच्या तोंडात घाला. जोराने चोखले तर तोंडाने पाणी पाजून ते सावरू शकेल. तोंड गार असेल, बोट चोखत नसेल, उभे राहत नसेल, डोळे खोबणीत गेले असतील, शेणात रक्त असेल किंवा ताप असेल, तर क्षणभरही थांबू नका. अशा वासराला शिरेतून सलाइन लावावे लागते आणि ते डॉक्टरांचेच काम. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करून फिरत्या दवाखान्याची चौकशी करा. चोखत नसलेल्या वासराच्या घशात बळेच पाणी ओतू नका.

आणि काय करू नये, तेही सांगतो. पोटावर डागण्या देऊ नका. डागल्याने आतड्यातला जंतू मरत नाही. जखम आणि वेदना मात्र वाढतात. माणसांच्या जुलाब बांधण्याच्या गोळ्या देऊ नका. आतडे थांबले की विष आतच कोंडते. दुकानातून उरलेसुरले प्रतिजैविक आणून अर्धा-पाव डोस देऊ नका. रोटा-कोरोनावर ते चालतच नाही, आणि ज्या जंतूंवर चालते ते अर्ध्या डोसाने निर्ढावतात. मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. रक्त, ताप, लुळेपणा असेल तेव्हा कोणते औषध किती दिवस द्यायचे, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

मावळचा पाऊस आणि आपला गोठा

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. तळेगावकडे येता-येता तो बराच कमी होतो, पण पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळात आषाढ-श्रावणात ऊन असे दिसतच नाही. जंतूंचे दोन मोठे वैरी म्हणजे ऊन आणि कोरडेपणा. पावसाळ्यात दोन्ही रजेवर जातात. गुरे दिवस-रात्र गोठ्यात, जमीन ओली, मुताचा निचरा नाही, आणि घरातली सगळी माणसे इरली घेऊन लावणीला शेतात. गाय दुपारी व्याली तर वासरू संध्याकाळपर्यंत शेण-मुताच्या राड्यात पडून राहते. त्याच्या तोंडात पहिला जातो तो चीक नव्हे, शेण. पत्रातल्या दोन्ही कालवडी आषाढातच गेल्या, यात नवल नाही.

यावर फार खर्चाचा उपाय लागत नाही. मे महिना संपण्याआधी गोठ्याच्या वरच्या अंगाला, जिथे मूत वाहून येत नाही अशा कोपऱ्यात, वासरासाठी चार-पाच हात जागा करा. मुरूम टाकून ती वीतभर उंच करा, उन्हात दोन-तीन आठवडे मोकळी राहू द्या आणि भिंतीला चुना मारा. भाताचा पेंढा आणि गिरणीतले तूस आपल्याकडे मुबलक. खाली तूस आणि वर पेंढा, असे अंथरूण करा. गुडघे टेकून बसून पाहा. कापड ओले झाले तर वासरालाही ओल लागणार. ओला पेंढा रोज काढा, कोरडा घाला. पेंढ्याची एक-दोन गंजी खास वासरासाठी माळ्यावर राखून ठेवा.

गाय व्यायच्या आधी तिची कास आणि मागचे अंग कोमट पाण्याने धुवा. आचळावर वाळलेले शेण असेल तर तेच वासराच्या पोटात जाते. नाळ स्वच्छ कात्रीने बोटभर ठेवून कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. महिन्या-दीड महिन्याच्या वासराजवळ नवे वासरू बांधू नका. मोठे वासरू धडधाकट दिसले तरी त्याच्या शेणातून जंतू पडत असतात.

दूध पाजण्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी निरोगी वासरे, सगळ्यांत लहान ते पहिले. हगवण लागलेले सगळ्यांत शेवटी. त्याची बादली वेगळी. बादल्या रोज उकळत्या पाण्याने धुऊन चुलीजवळ पालथ्या घाला. आणि गोऱ्ह्याकडे दुर्लक्ष करू नका. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला आणि रेड्याला कोणी पुसत नाही. त्यांना चीकही उरलासुरला मिळतो. मनुष्यपणाची गोष्ट तर आहेच, पण व्यवहारही पाहा. आजारी गोऱ्ह्याच्या शेणातले जंतू कोट्यवधींनी वाढून शेजारच्या कालवडीच्या तोंडात जातात.

घरातल्या मुलांना वासराचा लळा असतो. पण हगवण लागलेल्या वासराजवळ त्यांना जाऊ देऊ नका. क्रिप्टो आणि साल्मोनेला हे दोन्ही त्यांना लागू शकतात. वासराचे करणाऱ्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीच्या पिठाला हात लावू नये, आणि कच्चे दूध पिऊ नये.

तेव्हा ताई, पाऊस पडायच्या आत एवढी तयारी करा : कोरडी उंच जागा, राखून ठेवलेला पेंढा, आयोडीनची बाटली, ग्लुकोजचा डबा, मीठ आणि सोडा. लावणीच्या दिवसांत गाईचे दिवस भरत आले की घरातल्या एका माणसाने शेतावर जाऊ नये. सासूबाईंनाच हे काम सोपवा. त्यांच्याइतक्या गाई विताना घरात दुसऱ्या कोणी पाहिल्या नसतील. फक्त वासरू उभे राहायला धडपडू लागले की जार पडायची वाट न पाहता त्याला आचळाला लावायचे, एवढे त्यांना समजावून सांगा.

पुढच्या अंकात गाभण गाईचा शेवटच्या दोन महिन्यांतला चारा आणि तिला आटवण्याची रीत पाहू. त्याविषयी प्रश्न असतील तर जरूर लिहा.